वाडा का पडतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मृग जवळ आला की जुन्या नाशकात दोन गोष्टी हमखास होतात. मेन रोडवर छत्र्या-रेनकोट लटकू लागतात आणि वाड्यांच्या दिंडी दरवाजांवर महापालिकेच्या नोटिसा चिकटतात. इमारत धोकादायक झाली आहे, ती रिकामी करावी, धोक्याचा भाग उतरवून घ्यावा, अशा अर्थाचा मजकूर असतो. नोटीस वाचून कुणी बिऱ्हाड हलवले, असे क्वचितच ऐकू येते. पाऊस लागतो, आषाढ-श्रावणातल्या एखाद्या रात्री कुठली तरी भिंत खाली येते, सकाळी वर्तमानपत्रात फोटो येतो. कधी माणूसही दगावतो. मग आपण म्हणतो, जुना होता हो, किती दिवस टिकणार!

आज मला या वाक्याबद्दलच बोलायचे आहे. मी चौतीस वर्षे तंत्रनिकेतनात बांधकाम हा विषय शिकवला आणि त्याआधी पंचवीस वर्षे तांबट अळीच्या अलीकडच्या एका बोळात, वाड्यातल्या दोन खोल्यांत राहिलो. दोन्हीच्या आधारावर सांगतो, वाडा जुना झाला म्हणून पडत नाही. ज्याची दरसालची डागडुजी थांबली, तो पडतो. ती का थांबली, हे समजून घ्यायचे तर थोडे बांधकाम, थोडा कायदा आणि थोडा मनुष्यस्वभाव, तिन्हीत शिरावे लागते.

आधी बांधकाम. नाशिक हे नऊ टेकांवर वसलेले गाव अशी त्याची जुनी ओळख. म्हसरूळ टेक, डिंगर अळी, जुनी गढी ही नावे आजही तोंडात आहेत. गंगेच्या (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) काठावरची ही वस्ती किती जुनी, ते डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली मातीच्या गढीवर केलेल्या उत्खननात दिसले. एकावर एक वस्त्यांचे थर, पार इसवी सनापूर्वीचे. म्हणजे जुन्या नाशकातले घर पुष्कळदा आधीच्या पडलेल्या घरांच्या मातीवर उभे असते. गावठाणाच्या या मातीला आपण पांढरी म्हणतो. ती कोरडी असताना घट्ट, पण पाणी मुरले की बसते. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आज उभे असलेले बहुतेक वाडे उत्तर पेशवाईतले किंवा त्यानंतरच्या शतकातले. खाली दगडी जोते. त्यावर तळखडे आणि तळखड्यांवर सागवानी खांब. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट किंवा किलचण, किलचणीवर मातीचा थर, तीच वरच्या मजल्याची जमीन. भिंती विटा-मातीच्या, हातभर जाड. विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारायचो, वाड्याचे ओझे कुणाच्या अंगावर असते? सगळे म्हणत, भिंतीच्या. खरे तर पुष्कळसे ओझे लाकडी सांगाड्यावर असते. भिंत ते थोडे वाटून घेते आणि मुख्य म्हणजे सांगाड्याला सावरून धरते. त्यामुळे एखादी भिंत पडली तरी सांगाडा काही काळ उभा राहतो. पडलेल्या वाड्याच्या फोटोत तुम्ही पाहिले असेल, समोरची भिंत गेलेली आणि वर माडीवर देवघर, कॅलेंडर, दोरीवरचे कपडे जसेच्या तसे.

हा सांगाडा शेदोनशे वर्षे सहज टिकतो. अट एकच. लाकूड आणि माती यांच्यात पाणी जाता कामा नये. त्यासाठी उन्हाळ्यात छपराची शाकारणी व्हायची. फुटकी कौले बदलायची, सरकलेली बसवायची, पन्हळी साफ करायच्या. आमच्या वाड्यात वैशाखात दोन माणसे आठ दिवस छपरावर असत आणि आम्ही पोरे खाली चौकात फुटक्या कौलांच्या खापऱ्यांनी लगोरी खेळत असू. शाकारणी चुकली की पहिल्या वर्षी एक ओल दिसते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाणी भिंतीच्या माथ्यावर पोचते. तिथेच तुळईचे टोक भिंतीत रुतलेले असते. ते टोक काळे पडते, वाळवी लागते आणि तुळई आतून पोकळ होते. बाहेरून रंग दिलेला असतो, काही कळत नाही.

यात माणसाने नव्या चुका घातल्या. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. भिंत छान गुळगुळीत दिसते, पण आतली ओल बाहेर यायची वाट बंद होते आणि भिंत आतल्या आत भिजते. माडीवर मोऱ्या आणि संडास काढले. लाकडाच्या आणि मातीच्या जमिनीवर फरश्यांचे ओझे आले, नळाचे पाणी झिरपू लागले. रस्त्याकडेच्या खोलीचे दुकान करताना मधला खांब काढून लोखंडी तुळई घातली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शेजारचा वाडा पाडला. जुन्या गल्लीत वाडे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात, भिंत सामाईक असते. एक काढला की दुसऱ्याचा आधार जातो, सामाईक भिंत उघडी पडून पावसाने झोडपली जाते, आणि शेजारी तळघरासाठी खोदकाम झाले तर पांढरीची माती सरकते ती वेगळीच.

पुराचेही सांगायला हवे. सप्टेंबर १९६९ चा महापूर मी ऐन तारुण्यात पाहिला. पुढे सप्टेंबर २००८ चा आणि ऑगस्ट २०१६ चाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले यावरून नाशिककर पुराचे माप सांगतो. पण वाड्याचे माप पाणी ओसरल्यावर घ्यायचे असते. गवंडी लोक म्हणतात, पावसात जितके वाडे पडत नाहीत तितके पाऊस उघडल्यावर पडतात. भिजलेली माती जड होऊन बसलेली असते. ऊन पडले की ती आकसते, भेगा रुंदावतात, आणि लोक नेमके तेव्हाच 'चला, टळले' म्हणून निर्धास्त झोपतात.

आता राहणीचे बोलू. वाड्यांबद्दल बोलायला लागले की आपल्याकडे गळा दाटून येण्याची पद्धत आहे. चौकातली तुळस, ओसरीवरचा झोपाळा, उन्हाळ्यातला गारवा. गारवा खरा होता. पण झोपाळा मालकांच्या ओसरीवर होता. आम्ही अकरा बिऱ्हाडे होतो. मुळात हा वाडा एका कुटुंबाचा. सिंहस्थात नि एरवीही यात्रेकरू उतरत, त्यासाठी बांधलेल्या खोल्या पुढे भाड्याने गेल्या. माझी आई ज्या माजघरात स्वयंपाक करी तिथे दिवसाही दिवा लागे. नळ एक, चौकात, पहाटे चारला यायचा. बायकांची आंघोळ पडद्याआड, घाईत. संडास मागच्या बोळाला, टोपलीचे, दोन. ती टोपली उचलणारी माणसे कोणत्या हालात जगत होती, हे वाड्याच्या आठवणी लिहिणाऱ्यांच्या लेखांत सहसा येत नाही. माडीवर जायचा लाकडी जिना इतका उभा, की दोरी धरून चढावे लागे. गरोदर बाई आणि म्हातारी माणसे महिनोन् महिने खाली उतरत नसत. मला वाडा आवडतो, पण त्यात परत राहायला जा म्हटले तर मी दोनदा विचार करीन.

मग लोक तिथे का राहिले? भाड्यासाठी. वडील मेन रोडवर कापडाच्या दुकानात कारकून होते. १९५२ साली दोन खोल्यांचे भाडे ठरले महिना १२ रुपये. ते २००० सालापर्यंत १२ रुपयेच राहिले. याचे कारण १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. महायुद्ध नुकतेच संपले होते, फाळणीने माणसे उखडली होती, शहरांत जागा नव्हती, मालकांनी अडवणूक करू नये म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते आधार धरून भाडी गोठवली. तेव्हा ते योग्यच होते. आमच्यासारखी हजारो कुटुंबे त्यामुळे रस्त्यावर आली नाहीत, पोरे शिकली. पण काही वर्षांसाठी केलेल्या या कायद्याला मुदतवाढ मिळत गेली ती अर्धशतक. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. मग नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घेण्याची मुभा मिळाली.

चार टक्के, पण कशावर? बारा रुपयांवर. चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांत बाराचे बत्तीस होतात. अकरा बिऱ्हाडांचे मिळून महिन्याला साडेतीनशे रुपये. शाकारणीला नुसते दोन माणसांचे आठ दिवसांचे रोज किती होतात ते तुम्हीच काढा, कौले वेगळी. कायद्यात असेही आहे, की घर दुरुस्त ठेवणे मालकाचे काम, आणि त्याने ते केले नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः करावे नि खर्च भाड्यातून कापावा. कापायचा किती? वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. बत्तीस रुपयांच्या हिशेबाने वर्षाचे शहाण्णव रुपये. त्यात सिमेंटची गोणीसुद्धा येत नाही, सागवान तर सोडाच.

आता तुम्ही म्हणाल, मालकाने पदरचे घालावेत. कोणत्या मालकाने? आमच्या वाड्याचे मालक माझे वर्गमित्र. शाळेत एका बाकावर बसत होतो. त्यांच्या आजोबांच्या नावावर असलेला वाडा आज सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सत्तावीस नावांचा झाला आहे. काका, आत्या, त्यांची मुले, कुणी पुण्याला, कुणी अमेरिकेत, दोघांचा पत्ताच नाही. कौल बदलायला कुणाची हरकत नसते, पण वर्गणी मागितली की फोन लागत नाही. विकायचे म्हटले तर सत्तावीस सह्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, बाजारपेठेतल्या मोक्याच्या जागेचा धनी आहे. प्रत्यक्षात तो जुन्या सायकलीवर हिंडतो.

मुंबईच्या जुन्या चाळींचा प्रश्नही याच जातीचा. पण तिथे १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. उपकर गोळा करून जुन्या इमारती दुरुस्त करायच्या, नाहीतर पुन्हा बांधायच्या, ही सोय कायद्याने केली. ते मंडळ फार वेगाने चालले असे कुणी म्हणणार नाही. तरी हक्काने दार ठोठवायला एक जागा आहे. नाशिकच्या वाड्याला तशी जागा नाही. स्मार्ट सिटीच्या यादीत २०१६ साली नाशिक आले तेव्हा जुने गावठाणही त्या कामात धरले होते. रस्ता, गटार, जलवाहिनी हे दिंडी दरवाजाच्या बाहेरचे. दरवाजाच्या आत सरकारी पैसा येतो तो फक्त सरकारवाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याकडे असलेल्या वास्तूत. सरकारवाडा सावरला गेला याचा आनंदच आहे. पण तिथे रात्री कुणी झोपत नाही.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे ॲम्स्टरडॅमला गेलो होतो. तिचे घर योर्डान नावाच्या जुन्या मोहल्ल्याजवळ होते. बोळ अरुंद, घरे उंच, एकमेकांना टेकलेली, काही तर चक्क पुढे झुकलेली. जिने आमच्या माडीच्या जिन्यासारखेच उभे. घराच्या कपाळावर एक तुळई बाहेर काढलेली आणि तिला आकडा. सामान जिन्यातून जातच नाही, दोराने ओढून खिडकीतून घ्यायचे. आमच्याकडे फडताळ असेच गॅलरीतून चढवले होते, एवढेच की आकडा नव्हता, गल्लीतले चार जण होते. ती घरे उभी आहेत लाकडी खुंटांवर, चिखलात ठोकलेल्या. पाण्याखाली राहिले तर ते लाकूड टिकते, भूजल उतरले की कुजते. आपल्या अगदी उलट! आपले लाकूड पाणी लागले की जाते, त्यांचे पाणी गेले की जाते.

योर्डान ही एके काळी कामकऱ्यांची, दाटीची, ओलीची वस्ती. गेल्या शतकाच्या मध्याला त्यातला मोठा भाग सपाट करायचे बेत झाले होते. रहिवाशांनी विरोध केला, बेत मागे पडले, आणि १९७० नंतर आहे त्या गल्ल्या ठेवून एकेक घर दुरुस्त करायचे किंवा त्याच मापाचे नवे बांधायचे, असे काम झाले. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती त्यांची भाड्याची रीत. नियंत्रित भाड्याच्या घरांना गुण देतात. खोली केवढी, सोयी काय, याचे गुण मोजायचे आणि त्यावरून जास्तीत जास्त भाडे ठरायचे. घरात गंभीर बिघाड असेल तर भाडेकरू भाडे-लवादाकडे जातो आणि दुरुस्ती होईपर्यंत भाडे निम्म्याहूनही खाली आणता येते. म्हणजे भाड्याची दोरी घराच्या अवस्थेला बांधलेली, १९४० सालातल्या एका तारखेला नाही. तिथे सगळे आलबेल आहे असे नव्हे. स्वस्त भाड्याच्या घरासाठी ॲम्स्टरडॅममध्ये दहा-दहा वर्षे रांगेत राहावे लागते आणि योर्डानमध्ये आता कामकऱ्यांऐवजी पैसेवाल्यांची गर्दी आहे, हे मुलीनेच सांगितले.

आपल्याकडे वाट अगदीच नाही असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने जी एकत्रित बांधकाम नियमावली आणली तिच्यात भाडेकरू असलेल्या जुन्या, धोकादायक इमारती पुन्हा बांधण्यासाठी वाढीव चटईक्षेत्र दिले आहे. रुंद रस्त्यावरच्या वाड्यांना ते फायद्याचे ठरते. पण जिथे रिक्षा वळत नाही अशा बोळात दोन-तीन हजार फुटांचा तुकडा घेऊन बांधायला बिल्डर येत नाही. चार शेजारी वाडे एकत्र आले तर जमेल. चार वाडे म्हणजे शंभर सह्या.

राहिला भाडेकरू. नोटीस लागूनही तो हलत नाही, तो वेडा नसतो. त्याला भीती वाटते, की एकदा बाहेर पडलो आणि वाडा पाडला, की हक्क गेला. या भीतीवर थोडा उतारा आहे, तो सगळ्यांना माहीत व्हायला हवा. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की महापालिकेने धोकादायक इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. निकालाने छप्पर मिळत नाही, हे खरे. दावा चालायला वर्षे लागतात. पण जीव मुठीत धरून आत बसणे हा हक्क टिकवण्याचा एकमेव मार्ग नाही, एवढे तरी त्यातून कळते. बाहेर पडण्याआधी खोल्यांचे मोजमाप करावे, मालकाच्या सहीने कागदावर घ्यावे, भाडेपावत्या आणि वीजबिले एका पिशवीत जपून ठेवावीत.

आणि घरात राहत असाल तर डोळे उघडे ठेवा. किलचणीतून माती गळू लागली, दार चौकटीत अडकू लागले, तुळई आणि भिंत यांच्यात बोट जाईल इतकी फट दिसली, भिंतीने पोट काढले, तर रंग देऊन झाकू नका. तुळईच्या टोकाशी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. खट्ट वाजले तर लाकूड जिवंत आहे, लोण्यासारखा आत गेला तर त्या रात्रीच तिथून अंथरूण हलवा नि टेकू लावून घ्या.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतो आहे, पण आता माझी स्वतःची गोष्ट. १९७६ साली नोकरी लागल्यावर मी गंगापूर रोडला राहायला गेलो. आई-वडील वाड्यातच राहिले. वडील गेले, मग १९९८ साली आई गेली. मी खोल्या सोडल्या नाहीत. कुलूप लावले. भाडे वेळेवर देत राहिलो. कशासाठी? उद्या वाडा विकला तर काही मिळेल म्हणून. सहा महिने विनाकारण जागा न वापरल्यास मालक ताबा मागू शकतो हे मला माहीत होते, आणि मित्र कोर्टात जाणार नाही हेही माहीत होते. अकरा बिऱ्हाडांपैकी आज चार राहती आहेत, सात कुलपे. सातांतले एक माझे.

गेल्या वैशाखात नोटीस लागली तेव्हा मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, तुझी खोली उघडून दे, वरच्या आजींची जमीन हलते आहे." माझ्या माजघरावर माडीची खोली आहे, तिथे पंच्याऐंशीच्या एक आजी एकट्या राहतात. कुलूप गंजले होते, तोडावे लागले. आत आईचे फडताळ, पिठाचे डबे, बंब. बॅटरी मारून वर पाहिले. कोपऱ्यातल्या तुळईखाली भिंतीवर हातभर काळा ओघळ होता. स्टुलावर चढून स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. चौतीस वर्षे मुलांना जे शिकवले ते माझ्याच कुलपाआड सतरा-अठरा वर्षे तरी कुजत होते, आणि ज्या तुळईवर आजींची खाट होती तिच्याखाली कुणी जाऊ शकत नव्हते, कारण किल्ली माझ्या खिशात होती.

त्याच दिवशी संध्याकाळी साल लाकडाचे दोन टेकू लावले. दोन्ही खोल्या टेपने मोजल्या, मित्राची सही घेतली, त्याने माझी घेतली. किल्ली त्याच्याकडे दिली. तुळईचे टोक बदलण्याचा खर्च आम्ही दोघांनी आणि खालच्या दुकानदाराने वाटून घेतला. सत्तावीसांपैकी दोघांनी पैसे पाठवले. पुण्याचे एक आणि, आश्चर्य म्हणजे, अमेरिकेचे एक. बाकीच्या सहा कुलपांपैकी दोन उघडली आहेत, चारांना पत्रे घातली आहेत. आजींना महिनाभर आमच्याकडे राहायला चला म्हटले. त्या म्हणाल्या, "टेकू लावलेत ना? मग बस झाले." छपराची शाकारणी मात्र यंदा झाली.